थंडीतली वाफ आणि हेल्मेटची दुहेरी काच : तीन हिवाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

पिनलॉक या नावाने ओळखली जाणारी आतली काच मी गेले तीन हिवाळे वापरत आहे. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटच्या मुख्य काचेच्या आतल्या बाजूला दोन पिनांच्या आधाराने बसणारी ही दुसरी, पातळ काच असते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक, उंचवट्यासारखी किनार असते. ही किनार मुख्य काचेला सगळीकडून टेकली की दोन्ही काचांच्या मध्ये हवेचा एक बंद थर तयार होतो. थंडीत वाफ धरू नये म्हणून मी जे जे वापरून पाहिले, त्यांपैकी या एकाच वस्तूवर मी पहाटेच्या अंधारात निर्धास्तपणे विसंबते. मात्र ती नीट बसलेली नसेल तर तिचा उपयोग फारसा उरत नाही, आणि ती नीट बसली आहे की नाही हे विकत घेताना सहसा कळत नाही. त्यामुळे हे परीक्षण थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वाफ का धरते हे आधी समजून घेतले तर कोणता उपाय कुठवर पुरेल याचा अंदाज विकत घेण्यापूर्वीच बांधता येतो. उच्छ्वासाची हवा नाकातून बाहेर पडते तेव्हा तिचे तापमान साधारण ३४ अंश सेल्सिअस असते आणि ती बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. या तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावते. हवा ५ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम मावते. उरलेल्या बाष्पाला कुठेतरी पाणी होऊन बसावेच लागते, आणि हेल्मेटच्या आत त्याला सर्वांत थंड पृष्ठभाग मिळतो तो नेमका आपल्या डोळ्यांसमोरचा. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सात लिटर हवा आत-बाहेर करतो असे धरले, तर दर मिनिटाला पाव ग्रॅम पाणी श्वासावाटे बाहेर पडते. दहा मिनिटांत अर्धा चहाचा चमचा भरेल इतके हे पाणी आहे. ते सगळे काचेवर बसत नाही, पुष्कळसे मानेच्या बाजूने निघून जाते. पण काच पूर्ण धूसर व्हायला त्याचा अगदी लहान अंशही पुरतो, कारण हे पाणी सलग थर करून न बसता असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसते आणि प्रत्येक थेंब प्रकाश वेगळ्या दिशेला विखुरतो. समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा अशा काचेवर पडला की सबंध काच पांढरी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि काच वर करण्यासाठी हात उचलायला लागणाऱ्या दोन सेकंदांत चालकाने ३० मीटरहून अधिक अंतर काहीही न पाहता कापलेले असते. हा विषय मी इतक्या काळजीने मांडते आहे, तो या अंतरामुळे.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज वारंवार कानावर येतो. वेगामुळे काच बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते असे अनेक जण मानतात. कोरडी काच बाहेरच्या हवेच्या तापमानापेक्षा खाली जात नाही. वारा तिला त्या तापमानापर्यंत लवकर पोहोचवतो, एवढेच. काच पावसाने ओली असेल तेव्हा मात्र बाष्पीभवनामुळे ती आणखी थोडी थंड होऊ शकते, आणि थंडीतल्या पावसात वाफ सर्वांत जास्त त्रास देते त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरे कारण असे की पावसात आपण हवेच्या झडपा आणि काच दोन्ही बंद ठेवतो, त्यामुळे आतल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

पिनलॉककडे वळण्यापूर्वी मी दोन हिवाळे वाफविरोधी फवाऱ्यांवर काढले. हे फवारे वाफ धरणे थांबवत नाहीत. त्यांत साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ असतो. त्यामुळे पाणी थेंबांऐवजी पातळ, सलग पापुद्र्याच्या रूपात पसरते आणि काच पारदर्शक राहते. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब किंवा दाढीचा फेस काचेच्या आतून चोळून कोरड्या मऊ कापडाने पुसून घेतला तरी हेच घडते. तोही उपाय मी केला आहे आणि एखाद्या दिवसाची निकड भागवण्यासाठी तो वाईट नाही. अडचण टिकाऊपणाची आहे. पापुद्र्याचे पाणी हळूहळू खाली ओघळते आणि आपल्याबरोबर लावलेला पदार्थही घेऊन जाते. मी वापरलेल्या एका फवाऱ्याने पहिल्या दिवशी उत्तम काम केले, दुसऱ्या दिवशी काचेच्या खालच्या भागात धूसर पट्टा दिसू लागला आणि तिसऱ्या दिवशी तो लावला होता की नव्हता हे सांगता आले नसते. शिवाय पापुद्रा जाड झाला की रस्ता किंचित लहरत दिसतो आणि रात्री दिव्यांना उभ्या रेघा फुटतात. दिवसा मी हे चालवून घेतले, पण रात्री त्याचा भरवसा वाटला नाही.

याच काळात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगणे मला भाग आहे, कारण पुष्कळ लोक ती अजून करतात. हेल्मेटच्या ज्या भागाला आपण काच म्हणतो तो पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा असतो. घरातील खिडक्या पुसण्याचे द्रावण मी अनेक आठवडे त्यावर वापरले. पॉलिकार्बोनेटला अमोनिया, पेट्रोल आणि बरेचसे द्रावक सोसत नाहीत. कडेला, जिथे काच वाकलेली आणि ताणाखाली असते तिथे, केसांसारख्या बारीक भेगांचे जाळे उमटले आणि ती काच मला टाकून द्यावी लागली. भेगाळलेली काच नुसती अस्पष्ट दिसत नाही, तिची आघात सोसण्याची शक्तीही कमी झालेली असते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती मऊ कापड यांखेरीज तिला दुसरे काही लावू नये, आणि वाफविरोधी फवारा घ्यायचाच असेल तर तो हेल्मेटच्या काचेसाठी बनवलेला आहे हे वेष्टनावर वाचूनच घ्यावा.

आता दुहेरी काचेविषयी. तिच्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली गोष्ट तापमानाची आहे. मधला हवेचा बंद थर उष्णता सहजासहजी वाहू देत नाही. थंड प्रदेशांतील घरांच्या दुहेरी खिडक्या याच तत्त्वावर चालतात. बाहेरची काच हवेइतकी थंड होते, पण श्वासाच्या बाजूची आतली काच चेहऱ्याच्या उबेमुळे त्यापेक्षा गरम राहते आणि तिच्यावर पाणी जमण्याची शक्यताच कमी होते. दुसरी गोष्ट त्या काचेच्या पदार्थाची आहे. आतली काच ओलावा शोषून घेणाऱ्या प्लास्टिकची असते, त्यामुळे जे थोडे पाणी तिच्यावर उतरते ते थेंब होण्यापूर्वीच ती स्वतःत सामावून घेते. फवारा पाणी जमल्यानंतर त्याचा आकार बदलतो, तर दुहेरी काच मुळात पाणी जमण्याचे कारण कमी करते. माझ्या मते या दोन उपायांची बरोबरी होऊ शकत नाही ती या फरकामुळे.

प्रत्यक्ष अनुभव सांगायचा तर, तापमान चार-पाच अंशांच्या आसपास असताना, सर्व झडपा बंद करून आणि मोटरसायकल उभी ठेवून मी जाणीवपूर्वक पाहिले. साधी काच तिसऱ्या-चौथ्या श्वासाला डोळ्यांसमोरून नाहीशी झाल्यासारखी धूसर झाली. त्याच हेल्मेटवर दुहेरी काच बसवल्यावर, सिग्नलपाशी थांबावे लागते तेवढा वेळ नाकातून आणि तोंडातून मुद्दाम जोरात श्वास सोडूनही समोरचे स्वच्छ दिसत राहिले. आतल्या काचेची किनार जिथे संपते, त्याच्या पलीकडच्या मुख्य काचेच्या उघड्या पट्टीवर तेवढी वाफ धरली होती. मधे स्वच्छ आणि भोवती धूसर अशी ती चौकट पाहिली की या वस्तूचे काम कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

तिची शोषण्याची क्षमता अमर्याद नाही. सर्व झडपा बंद ठेवून, गर्दीत थांबत थांबत बराच वेळ गेला की आतली काच ओलाव्याने भरते आणि मग खालच्या कडेपासून तिच्यावरही धूसरपणा चढू लागतो. या काचा वेगवेगळ्या क्षमतेच्या मिळतात आणि त्यांच्यावर ३०, ७० व १२० असे आकडे असतात. मोठा आकडा जास्त काळ तग धरणाऱ्या काचेचा. मी पहिले दोन हिवाळे ७० ची आणि या हिवाळ्यात १२० ची काच वापरली. मोकळ्या रस्त्यावर, हवा खेळती असताना, मला दोन्हींत फरक जाणवला नाही. पावसात आणि मंद रहदारीत मात्र १२० ची काच स्पष्टपणे सरस ठरली. ज्यांचा प्रवास बहुतेक शहरातल्या थांब्या-थांब्यांचा आहे त्यांनी मोठ्या आकड्याची निवड करावी, असे मी सुचवीन. सरळ, वाहत्या रस्त्यांवरून जाणाऱ्यांना मधली पुरेशी आहे.

बसवण्याच्या कामात घाई चालत नाही आणि माझी पहिली काच घाईमुळेच नीट बसली नव्हती. पहिल्याच थंड सकाळी दोन्ही काचांच्या मधल्या जागेत वाफ धरली. ती बाहेरून पुसता येत नाही आणि आतूनही नाही, त्यामुळे दुहेरी काच नसती तर बरे झाले असते अशी अवस्था होते. दोष वस्तूचा नव्हता. मुख्य काच ओलसर कापडाने पुसून मी लगेच आतली काच चढवली होती आणि एका कोपऱ्यात सिलिकॉनची किनार टेकलेली नव्हती. मधे राहिलेला ओलावा आणि त्या फटीतून आत शिरणारा श्वास, दोन्हींना बाहेरच्या थंड काचेवर जमण्यासाठी जागा मिळाली. तेव्हापासून मी मुख्य काच हेल्मेटवरून काढते, साबणाच्या पाण्याने धुते आणि कोरड्या खोलीत पूर्ण वाळू देते. मग ती टेबलावर हलक्या हाताने दाबून जरा सपाट करते, आतली काच एका पिनेच्या खाचेत अडकवते, नंतर दुसऱ्या पिनेत, आणि मग मुख्य काच सोडून देते, म्हणजे ती आपल्या वक्रतेत परत येताना आतल्या काचेला ताणून धरते. सिलिकॉनची किनार मुख्य काचेकडे असली पाहिजे हे नव्याने बसवणाऱ्याने लक्षात ठेवावे. चेहऱ्याकडच्या बाजूचा संरक्षक पापुद्रा सर्वांत शेवटी सोलावा, कारण तो असेपर्यंत बोटांचे ठसे आणि ओरखडे त्याच्यावर जातात.

बसवून झाल्यावर काच उजेडासमोर धरून बाहेरून पाहावी. किनार सगळीकडे एकसारखी, न तुटलेली रेघ म्हणून दिसली पाहिजे. जिथे रेघ फिकट किंवा तुटक दिसते तिथे ती टेकलेली नाही. अशा वेळी पिना उपयोगी पडतात. अनेक हेल्मेटांत या पिनांचा आस मध्यापासून थोडा सरकवलेला असतो, त्यामुळे पिन फिरवली की ती आतल्या काचेच्या जवळ किंवा दूर जाते आणि ताण कमी-जास्त होतो. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात, थोड्या थोड्या फिरवाव्यात. फार ताण दिला तर काच मधे फुगते आणि दिसण्यात विकृती येते. माझ्या बाबतीत पाव फेऱ्याहूनही कमी फिरवणे पुरले, आणि दोन हिवाळ्यांनंतर एकदा पुन्हा तपासून तेवढेच करावे लागले.

या वस्तूचे काही तोटे तिच्या रचनेतच आहेत. रात्री समोरच्या दिव्यांचे पुसट दुसरे प्रतिबिंब दिसते, कारण प्रकाश एकाऐवजी दोन काचांच्या चार पृष्ठभागांवरून परावर्तित होतो. पहिल्या आठवड्यात मला ते खटकले. पुढे नजर सरावली, तरी ते नाहीसे झाले असे म्हणणार नाही. पुढे झुकून मोटरसायकल चालवणाऱ्यांना काचेच्या वरच्या भागातून पाहावे लागते आणि लहान आकाराच्या आतल्या काचेची किनार नेमकी तिथे आडवी येऊ शकते. म्हणून शक्य असेल तिथे मुख्य काचेचा जास्तीत जास्त भाग व्यापणारी काच घ्यावी. शिवाय हे साहित्य मऊ असते, आणि ओले असताना अधिकच. हातमोज्याने तिला पुसणे म्हणजे तिच्यावर ओरखडे ओढणे होय. वाफविरोधी फवाराही तिच्यावर मारू नये, कारण तिचे काम शोषण्यावर चालते आणि वरून बसलेला थर त्यात अडथळा आणतो.

आणखी एक मर्यादा विकत घेण्यापूर्वीच तपासावी लागते. ही काच प्रत्येक हेल्मेटला बसत नाही. मुख्य काचेत पिनांची जागा असावी लागते आणि आतल्या काचेचा आकार त्या विशिष्ट मुख्य काचेसाठीच कापलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन हेल्मेटांमध्येही ती अदलाबदल करता येईलच असे नाही. पिनांची सोय नसलेल्या हेल्मेटांसाठी चिकट कडेने कायमची बसणारी दुहेरी काच मिळते. ती मी एका जुन्या हेल्मेटवर लावली होती. वाफ तिनेही रोखली, पण एकदा चिकटवल्यावर सरळ करण्याची संधी नसते, आणि वर्षभराने कड सुटू लागली तेव्हा मुख्य काचेवर चिकट डाग राहिले. गडद काचेबाबत सावध राहावे. मुख्य काच गडद असताना आतली काचही गडद घेतली तर दोन्ही मिळून इतका प्रकाश अडवतात की संध्याकाळनंतर तसे चालवणे धोक्याचे आहे.

माझ्यासारख्या चष्मा वापरणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे. दुहेरी काच हेल्मेटची काच स्वच्छ ठेवते, चष्म्याच्या काचा नाही. समोरचा रस्ता स्वच्छ आणि चष्मा पांढरा, असा अनुभव मला पहिल्याच हिवाळ्यात आला. त्यावर खरा उपाय म्हणजे श्वास वर जाऊच न देणे. बऱ्याच हेल्मेटांत नाकावर टेकणारी रबरी किंवा कापडी श्वासपट्टी असते. ती निरुपयोगी समजून लोक काढून टाकतात. ती नाकाच्या वरच्या हाडाला नीट टेकत असेल तर श्वास खाली, हनुवटीकडे वळतो आणि चष्मा व काच या दोघांनाही आराम मिळतो. याच्या अगदी उलट काम मफलर करतो. नाक-तोंड मफलरने घट्ट गुंडाळले की श्वासाला खाली वाट राहत नाही आणि तो नाकाच्या दोन्ही बाजूंनी थेट डोळ्यांकडे चढतो. थंडी असह्य असेल तर मान झाकावी, नाक मोकळे ठेवावे. हनुवटीखालच्या कापडी पडद्याबाबतही हाच विचार करावा लागतो; त्याने वाऱ्याचा आवाज आणि गारठा कमी होतो, पण ओलावा आत कोंडला जातो. दुहेरी काच बसवण्यापूर्वी मी तो पडदा थंडीत कधीच लावू शकत नव्हते. आता कोरड्या दिवशी लावते आणि पावसात काढून ठेवते.

हनुवटीपुढची हवेची झडप मी कितीही थंडी असली तरी थोडी उघडी ठेवते, कारण तिच्यातून येणारी हवा थंड असली तरी कोरडी असते आणि आतले दमट वातावरण सतत बदलत राहते. काच किंचित उघडी ठेवण्याची जी खाच अनेक हेल्मेटांत असते, ती मी फक्त थांबल्यावर वापरते. वेगात असताना त्या फटीतून येणारा गार वारा डोळ्यांत पाणी आणतो आणि धूळही आत घेतो. विजेवर तापणाऱ्या काचाही असतात, त्या बर्फावर चालणाऱ्या वाहनांसाठी प्रचलित आहेत. त्यांना वाहनातून तार जोडावी लागते. रोजच्या प्रवासात सतत चढ-उतार करणाऱ्याला ती तार जाचक ठरेल असे मला वाटते, आणि शून्याच्या आसपासच्या थंडीसाठी तिची गरजही नाही.

दुहेरी काच टिकवायची असेल तर ती दररोज वाळली पाहिजे. प्रवास संपला की मी काच पूर्ण वर करून हेल्मेट उघड्यावर ठेवते, हीटरजवळ किंवा उन्हात नाही. दिवसभर शोषलेला ओलावा रात्रीत निघून जातो आणि सकाळी ती पुन्हा पूर्ण क्षमतेने काम करते. ज्या दिवशी मी हेल्मेट ओले असतानाच पिशवीत बंद करून ठेवले, त्याच्या दुसऱ्या सकाळी निघाल्यापासून काही मिनिटांतच खालच्या कडेला वाफ दिसली. माझी ७० ची जुनी काच आता ओरखड्यांनी रात्रीच्या वापरासाठी बाद झाली आहे, पण तिची किनार अजून सगळीकडे टेकते, म्हणून ती दुसऱ्या मुख्य काचेवर बसवून मी केवळ दिवसाच्या प्रवासासाठी ठेवली आहे.